लिनक्स कुठलं घ्यायचं आणि त्यात किती बदल करायचे

तुम्ही विचारलंय की आठेक वर्षं जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर मागतंय, म्हणून लिनक्स टाकायचंय. पण कुठलं टाकायचं तेच ठरत नाहीये, आणि टाकल्यावर लोकांच्या स्क्रीनशॉटमधे दिसतं तसं देखणं पण करायचंय. मी बरीच वर्षं लोकांच्या मशीनवर लिनक्स बसवून देतोय आणि बिघडलं की दुरुस्तही करतोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी "बेस्ट डिस्ट्रो कुठली" हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार बांधलेला संच, कर्नल आणि प्रोग्राम सगळं एकत्र. कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, सगळीकडे तोच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मधे सुरू केलेला. फायरफॉक्स तोच, लिबरऑफिस तेच, व्हीएलसी तोच. फरक मुख्यतः दोन गोष्टींत पडतो: नवीन गोष्टी तुमच्यापर्यंत किती वेगाने येतात, आणि काही बिघडलं तर आधी होतो तिथे किती सहज परत येता येतं. मी सुचवताना हा दुसरा मुद्दा आधी बघतो. लिनक्समधे तुम्ही वाट्टेल ते बदलू शकता, कोणी अडवत नाही, आणि म्हणूनच परत फिरायची वाट आधी करून ठेवावी लागते. ती असली की मग बिनधास्त खेळा, काही होत नाही. नसली तर एक साधी थीम टाकतानाही हात थरथरतो आणि माणूस शेवटी वैतागून विंडोजकडे जातो, असं मी कितीतरी जणांचं होताना बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांची अडचण अर्ध्या तासात सुटली असती.

आता वेगाचं. डेबियन १९९३ पासूनची आहे, साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि मधल्या काळात फक्त सुरक्षेचे आणि गंभीर बगचे अपडेट. ऑगस्ट २०२५ मधे आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) असा हिशोब आहे. उबुंटू दर सहा महिन्यांनी येते, एप्रिल आणि ऑक्टोबरला, पण सम वर्षातल्या एप्रिलची तेवढी एलटीएस, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, बाकीच्यांना फक्त नऊ महिने. हे नीट लक्षात ठेवा, कारण डाउनलोड करताना मोठा नंबर दिसला म्हणून तोच घेतला आणि वर्षभरात अपडेट बंद झाले असं सारखं होतं. मिंट ही उबुंटूच्या एलटीएसवर उभी आहे, मिंट २२ ची मालिका २४.०४ वर, म्हणजे २०२९ पर्यंत चिंता नाही. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने चालते, मग पुढच्यावर जावंच लागतं, नवीन हार्डवेअरसाठी ती फार चांगली. आणि आर्च, ओपनसुसे टम्बलवीड या रोलिंग, म्हणजे आवृत्ती अशी नसतेच, रोज काही ना काही नवं येत राहतं.

आर्चबद्दल लोक एकतर घाबरवतात नाहीतर डोक्यावर घेतात. तिचा विकी इतका उत्तम आहे की मी उबुंटूच्या अडचणीसाठी पण तोच उघडतो. पण आर्चमधे अपडेट करायच्या आधी त्यांच्या पानावरच्या बातम्या वाचायची सवय लागते, कारण कधीकधी एखादं पाऊल हाताने टाकावं लागतं. ज्याला ते आवडतं त्याच्यासाठी ती उत्तम, तुमच्या पहिल्या मशीनसाठी नाही. टम्बलवीड पण रोलिंगच, पण ती बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर स्नॅपर लावून देते, तो सिस्टिम त्या क्षणी जशी असेल तशी जपून ठेवतो (स्नॅपशॉट), म्हणजे अपडेटने काही मोडलं तर बूट मेनूमधून कालचा स्नॅपशॉट निवडायचा आणि तिथून चालू करायचं. बघा, दोन्ही सारख्याच वेगाच्या, पण एकीत परत यायची वाट पहिल्या दिवसापासून तयार मिळते.

डिस्ट्रोपेक्षा डेस्कटॉप, म्हणजे पॅनल, मेनू, खिडक्या यांचा संच, जास्त महत्त्वाचा, दिवसभर तोच डोळ्यासमोर असतो. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई, माते ही मुख्य नावं. २०११ मधे ग्नोम ३ आलं, त्याने जुना मेनू आणि टास्कबारची पद्धतच काढून टाकली, लोक नाराज झाले, आणि त्यातूनच एकीकडे जुनं ग्नोम २ जिवंत ठेवणारं माते आणि दुसरीकडे मिंटवाल्यांचं सिनॅमन उभं राहिलं. विंडोजवरून येणाऱ्याला सिनॅमन किंवा एक्सएफसीईमधे पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटतं. केडीईत जितक्या गोष्टी बदलता येतात तितक्या कुठेच नाहीत, आणि ते आता पूर्वी म्हणायचे तितकं जडही राहिलेलं नाही. ग्नोम नीटनेटकं आहे, पण त्यांची एक ठरलेली पद्धत आहे, तुम्ही तिच्याशी जुळवून घेतलं तर सुख, भांडत बसलात तर रोजचा ताप.

तुमच्या मशीनसाठी माझं सरळ मत: मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. मिंटवाले किमान २ जीबी रॅम आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतात, तेव्हा तुम्ही बसता. दुसरं म्हणजे सिस्टिमचे स्नॅपशॉट घेणारं टाइमशिफ्ट त्यात आधीपासून असतं आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर स्वागताच्या खिडकीतच ते चालू करायला सांगतात. पण खरं सांगू का, शक्य असेल तर डिस्ट्रोच्या आधी त्या हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी बसवा. कुठलंही हलकं लिनक्स जितका फरक पाडेल त्यापेक्षा जास्त फरक या एका गोष्टीने पडतो. आणि रॅमची जागा रिकामी असेल तर ८ जीबी करा, मग सिनॅमन किंवा केडीई पण मजेत चालेल. ४ जीबीवरच राहिलात तर डेस्कटॉप कितीही हलका घ्या, रॅम खाणार ब्राउझर, त्यामुळे वीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर झेडरॅम चालू करा. ते रॅममधलाच काही भाग दाबून ठेवतं आणि स्वॅपसाठी (रॅम भरली की लागणाऱ्या जादा जागेसाठी) वापरतं, फेडोरात ते २०२० पासून आपोआप चालू असतं, मिंटमधे पॅकेज टाकावं लागतं.

टाकायच्या आधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून, एक संध्याकाळ नुसतं वापरून बघा. ही पायरी कोणी गाळू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. फाइल डाउनलोड झाली की एसएचए २५६ चेकसम (फाइलवरून निघणारा लांबलचक आकडा, साइटवरच्या आकड्याशी जुळायला हवा) तपासा, हा उगाच सोपस्कार नाही: फेब्रुवारी २०१६ मधे मिंटचीच वेबसाइट फोडून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि काही लोकांच्या पदरात मागचं दार उघडं ठेवलेली फाइल पडली होती. पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय टाकलंत तर एकाच ड्राइव्हवर तीन-चार डिस्ट्रो ठेवून एकेक बूट करता येतात. मग बघायचं काय? वायफाय लागतंय का, ब्लूटूथ दिसतंय का, स्पीकर आणि हेडफोन दोन्हींतून आवाज येतो का, माइक, कॅमेरा, ब्राइटनेसच्या की, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर असेल तर प्रिंटर. आणि झाकण बंद करा, पाच मिनिटांनी उघडा. झोपलेला लॅपटॉप नीट जागा होतो का हे लोक कधीच बघत नाहीत आणि नंतर सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच असते.

वायफाय नाहीच लागलं तर टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एलएसपीसीआय (lspci) ही कमांड चालवा, त्यात नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चिपचं नाव येतं. इंटेल किंवा ॲथेरॉस असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही, ब्रॉडकॉम असेल तर वेगळा ड्रायव्हर लागायची शक्यता बरीच, आणि तो उतरवायला नेट लागतं, तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरा, ते बहुतेक लगेच चालतं. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर मात्र बऱ्याच जुन्या मशीनवर चालत नाही, त्याची आशा धरू नका.

इन्स्टॉल करताना दोन-तीन जागी लोक अडकतात. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर आधी विंडोजमधे जाऊन बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि पार्टिशन (डिस्कचा विंडोजने घेतलेला भाग) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. नंतर विंडोजचं घड्याळ काही तासांनी पुढे-मागे दिसलं तर दचकू नका, विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर धरतं आणि लिनक्स यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर), एका सेटिंगचं काम आहे. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि एनव्हिडियासारखा बाहेरचा ड्रायव्हर टाकलात तर एक पासवर्ड मागतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, एमओके नावाची, ती फक्त दहा सेकंद थांबते. तिथे की दाबून, एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण ती काहीतरी एरर समजून जाऊ देतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही का चालत नाही म्हणून शोधत बसतात. होमचं, म्हणजे तुमच्या फायली आणि सेटिंग जिथे राहतात त्या फोल्डरचं, पार्टिशन वेगळं ठेवा असं मी अजूनही सांगतो, उद्या डिस्ट्रो बदलली तरी तुमच्या फायली जागच्या जागी राहतात.

आणि बॅकअप. टाइमशिफ्ट हा बॅकअप नाही. ते सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतं आणि तुमचं होम फोल्डर मुद्दाम वगळतं, म्हणजे तुमचे फोटो आणि फायली त्यात नसतात. त्या वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर, वेगळ्या प्रोग्रामने. टाइमशिफ्ट चालू करा, रोजचे दोन-तीन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट पुरेत, पहिला मोठा असतो, पुढचे फक्त बदललेल्या फायलींपुरते. सिस्टिम बूटच झाली नाही तरी लाइव्ह यूएसबीवरून टाइमशिफ्ट उघडून परत आणता येतं, म्हणून ती पेन ड्राइव्ह पुसू नका.

आता सजावटीकडे येऊ, तुमचा खरा जीव त्यातच आहे असं दिसतंय, आणि त्यात काही वावगं नाही, मीही त्याच ओढीने लिनक्सवर आलो.

बदल करायचे दोन थर असतात. एक तुमच्या होम फोल्डरमधे राहणारा: थीम, आयकॉन, फॉन्ट, पॅनलची मांडणी, शॉर्टकट. हे बहुतेक सगळं डॉट कॉन्फिग आणि डॉट लोकल या लपलेल्या फोल्डरमधे साठतं. दुसरा सिस्टिमचा: ड्रायव्हर, लॉगिन स्क्रीन, बूट मेनू, बाहेरचे रेपो (सॉफ्टवेअर जिथून येतं ते साठे), दुसरा डेस्कटॉप. पहिल्या थरात काही फसलं तर तुमच्यापुरतं फसतं, दुसऱ्यात फसलं तर मशीनच उठत नाही. म्हणून पहिले दोन महिने पहिल्या थरातच राहा, तिथेच इतकं करता येतं की पुरे होईल. थीम टाकायची तर होममधे टाका, सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) वापरून सिस्टिमच्या फोल्डरमधे नाही.

कुठे फसलंय हे ओळखायची माझी एक जुनी युक्ती आहे. पॅनल गायब झालं, काहीतरी सारखं क्रॅश होतंय, तर नवीन यूजर तयार करा आणि त्यातून लॉगिन करून बघा. तिथे सगळं ठीक असेल तर सिस्टिम धडधाकट आहे, घोळ तुमच्या होममधल्या सेटिंगमधे आहे. मग एक्सएफसीईचं असेल तर लॉगआउट करून, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा, डॉट कॉन्फिगमधल्या एक्सएफसीई४ या फोल्डरचं नाव बदला, उडवू नका, नाव बदला, आणि परत ग्राफिकल लॉगिन करा. डेस्कटॉप कोरा करकरीत मिळेल, आणि जुन्या फोल्डरमधून हवं ते एकेक परत आणता येईल. या एका गोष्टीने किती जणांचं पूर्ण रीइन्स्टॉल वाचलंय.

दुसरा थर कसा चावतो ते माझ्याच मशीनवरचं सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत डिस्ट्रोबरोबर आलेला मेलचा प्रोग्राम मला नको होता. रिमूव्हची कमांड दिली, पॅकेजची यादी वर सरकली, मी पहिली ओळ वाचली आणि वाय (म्हणजे हो) दाबलं. त्या यादीत खाली डेस्कटॉपचं मेटापॅकेज पण होतं, म्हणजे ज्याच्यात स्वतःचं काहीच नसतं पण जे डेस्कटॉपचे सगळे तुकडे एकत्र बांधून ठेवतं ते. त्या दिवशी काहीच झालं नाही. काही दिवसांनी जागा मोकळी करायला म्हणून ऑटोरिमूव्ह चालवलं, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की ही अमुक इतकी पॅकेज आता कोणाला लागत नाहीत, आणि मी परत वाय. रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन आणि वर डाव्या कोपऱ्यात नुसतं लॉगिन, पुढे लुकलुकणारा कर्सर. केबलने नेट चालू होतं म्हणून ते मेटापॅकेज परत टाकून अर्ध्या रात्री गाडी रुळावर आली. तेव्हापासून काढायच्या यादीतली प्रत्येक ओळ वाचतो, पन्नास असल्या तरी पन्नास.

थीमबद्दलही एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. थीम म्हणजे नुसते रंग आणि चित्रं असं आपण धरून चालतो. केडीईच्या ग्लोबल थीममधे, म्हणजे एका झटक्यात सगळं रूप बदलणाऱ्या थीममधे, कोड चालू शकतो, आणि मार्च २०२४ मधे अशाच एका थीमने एका माणसाच्या फायली पुसून टाकल्या, केडीईवाल्यांनी स्वतः त्यावर सावध राहायला सांगितलं. तेव्हा केडीईत रंग, आयकॉन, कर्सर वेगवेगळे निवडा, ग्लोबल थीम घ्यायचीच तर बरीच वापरलेली आणि आधी स्नॅपशॉट आणि होमचा बॅकअप घेऊन. ग्नोममधे अडचण वेगळी: एक्स्टेन्शन लावून हवं ते करता येतं पण दर सहा महिन्यांनी ग्नोमची नवी आवृत्ती आली की त्यातली काही बंद पडतात, म्हणून दोन-तीनच ठेवा, दहा नाही. आणि लिबॲडवेटावर (ग्नोमच्या स्वतःच्या रूपाच्या लायब्ररीवर) बनवलेले नवीन प्रोग्राम तुमची बाहेरची थीम मानतच नाहीत, त्यामुळे अर्ध्या खिडक्या एका रंगात आणि अर्ध्या दुसऱ्या असं दिसलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. सिनॅमन आणि एक्सएफसीईत हा त्रास त्या मानाने कमी.

एका मशीनवर दोन डेस्कटॉप टाकून "दोन्ही वापरून बघतो" हे करू नका. प्रत्येक कामाचे दोन-दोन प्रोग्राम मेनूत येतात, लॉगिन स्क्रीन बदलते, एकाची थीम दुसऱ्यात घुसते, आणि काढायला गेलात की वर सांगितलं ते होतं. दुसरा बघायचा तर लाइव्ह यूएसबीवर बघा. बाहेरचे पीपीए (उबुंटूसाठी कोणीही बनवलेले खाजगी रेपो) पण असेच, प्रत्येक पीपीए म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली, आणि पुढच्या मोठ्या अपग्रेडला तेच आडवे येतात. नवीन आवृत्तीचा एखादा प्रोग्राम हवाच असेल तर फ्लॅटपॅक (प्रोग्राम त्याच्या गरजेच्या गोष्टींसकट वेगळा बांधून देणारी पद्धत) घ्या, जागा जास्त खातं पण सिस्टिमला हात लावत नाही आणि काढलं की बऱ्यापैकी स्वच्छ निघतं. डेबियनवर उबुंटूचे रेपो जोडणं तर अजिबात नको.

दिसण्याइतकाच वेळ शॉर्टकटला द्या. विंडो डावी-उजवीकडे चिकटवणं, टर्मिनल, फाइल मॅनेजर, स्क्रीनशॉट, वर्कस्पेस बदलणं, एवढे पाच तुमच्या बोटांना बसतील असे लावलेत की महिन्याभरात मशीन खरंच तुमचं वाटायला लागतं. वॉलपेपर आठवड्यात जुना होतो, शॉर्टकट वर्षानुवर्षं राहतात.

देवनागरीचं लगेच करून घ्या. कीबोर्ड सेटिंगमधे लेआउटची यादी उघडली की मराठीचा इनस्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक दोन्ही दिसतात, रोमनमधून टाइप करायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाका. मी इनस्क्रिप्टच वापरतो. "दुसऱ्या" सारख्या शब्दात लोक अडतात: कीबोर्डवरची जे (J) की म्हणजे र, पण इथे शिफ्ट-जे दाबून ऱ घ्यायचा, मग डी (D) म्हणजे हलन्त, मग य. आणि लिबरऑफिसमधे फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर बदलतच नाही ही तक्रार मला सतत ऐकू येते. कारण असं की तिथे इंग्रजी मजकुराचा फॉन्ट आणि कॉम्प्लेक्स टेक्स्टचा फॉन्ट वेगळे असतात, देवनागरी दुसऱ्यात मोडते. ऑप्शन्समधे भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, भाषा मराठी निवडा, आणि मग कॅरेक्टरच्या खिडकीत त्याचा वेगळा फॉन्ट आणि आकार द्या, नोटो किंवा मुक्ता चांगले दिसतात.

शेवटचं, होममधे एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तारीख, काय टाकलं, कुठली सेटिंग बदलली, ती कमांड जशीच्या तशी, आणि उलट कसं करायचं. एका वेळी एकच बदल, रीस्टार्ट करून दोन दिवस वापरायचं, मग पुढचा. माझ्या फाइलमधली सगळ्यात जुनी नोंद ब्राइटनेसच्या की चालत नव्हत्या त्याची आहे, एक ओळ, आणि मशीन तीनदा बदललं तरी ती मला दोनदा कामाला आलीय. तुमच्या मशीनचा वायफाय चिप आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं ते एलएसपीसीआयने बघून त्या फाइलच्या पहिल्या दोन ओळींत लिहून ठेवा, विंडोज पुसायच्या आधी.